लेंट आणि आपल्या सबबी: भस्म बुधवार ते ईस्टर नेमकं करायचं काय

लेंट म्हणजे ईस्टरच्या, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या आधीचे उपास-प्रार्थनेचे ४० दिवस, आणि तो सुरू होतो भस्म बुधवारी, त्या दिवशी चर्चमधे कपाळाला राख लावतात. भस्म बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च या मधे कधीही येतो आणि तिथून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर ४६ दिवस होतात, त्यातले ६ रविवार काढले की उरले ४०. आता नेमकं याच दिवसांत आपल्या नाशिकमधे काय चाललेलं असतं बघा. दिंडोरी, पिंपळगावकडं द्राक्षं तोडणीला आलेली, घरात कोणाची तरी बारावी नाहीतर दहावी, नोकरीवाल्यांचा मार्च एंड, अंबड-सातपूरच्या कंपन्यांत टार्गेटची बोंबाबोंब, त्यात एखादं नात्यातलं लग्न आणि वर रंगपंचमी. म्हणजे सबब शोधायला कुठं जायला लागत नाही, कॅलेंडरच हातात आणून देतं.

आणि या सगळ्या सबबी खऱ्या असतात बरं का. लेंटच्या पहिल्या आठवड्यात आपल्याला नेहमी सांगतात की आळस सोडा, बहाणे करू नका, पण बहाणा खोटा असता तर आपल्यालाच त्याची लाज वाटली असती आणि आपण तो कधीच टाकला असता. तो खरा असतो म्हणूनच टिकतो. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायातली मेजवानीची गोष्ट परत वाचा. एक माणूस मेजवानीला बोलावतो आणि बोलावलेले सबबी सांगतात. एकानं शेत घेतलंय, ते बघायला जायचंय. दुसऱ्यानं बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, त्या चालवून बघायच्यात. तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालंय. यातलं काय खोटं आहे? शेत, धंदा, संसार. तिसऱ्याला तर नियमशास्त्राचा आधार पण आहे, बायबलातल्या अनुवाद या पुस्तकात २४:५ मधे नव्या नवऱ्याला एक वर्ष लढाईतून सूट दिलीय. पहिल्या दोघांनी निदान माफ करा असं तरी म्हटलं, तिसऱ्यानं तेवढंही नाही, येता येत नाही म्हणाला आणि विषय संपवला. पण "मला यायचंच नाही" असं तिघांपैकी एकही जण म्हणाला नाही. आपण पण येशूला नाही म्हणत नाही. आपण आत्ता नको म्हणतो.

म्हणून खाली जे लिहितेय त्यात सबबी खोट्या पाडायचा प्रयत्न नाहीये. खरी सबब खरी आहे असं धरून पुढं कसं जायचं, एवढंच आहे. मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे प्रोटेस्टंट मंडळीतली, पण कॅथलिक घरांना पण हे चालेल, जिथं नियम वेगळे आहेत तिथं सांगेन.

पहिली पायरी: कागद घ्या आणि सबबी लिहून काढा

मोबाईलमधे नको, कागदावर. भस्म बुधवारच्या आधीच्या रविवारी अर्धा तास बसा. आणि भाषा प्रार्थनेची नको, आपण मनात जशी बोलतो तशीच. "सेकंड शिफ्ट असली की घरी यायलाच बारा वाजतात." "पोराची बारावी आहे, हे वर्ष जाऊ दे." "बाग तोडणीला आली, व्यापारी कधी येईल सांगता येत नाही." "मला चारचौघात प्रार्थना करता येत नाही." "कमिटीतली माणसं कशी वागतात ते बघितलं की चर्चला जावंसंच वाटत नाही." "मी काय वाईट करतोय, दर रविवारी जातो की."

चार-पाच झाल्या की वाटेल संपलं. तिथं थांबू नका. का ते मोशेकडून शिकायचं. बायबलातल्या निर्गम ३ आणि ४ मधे देव त्याला इस्राएल लोकांना गुलामीतून सोडवायला इजिप्तच्या राजाकडं, फारोकडं जा म्हणतो तर तो एकामागून एक कारणं काढतो. मी कोण एवढा मोठा? तुझं नाव विचारलं तर काय सांगू? त्यांनी माझ्यावर विश्वासच ठेवला नाही तर? मला नीट बोलता येत नाही. प्रत्येक वेळी देव उत्तर देतो, रागावत नाही, मी तुझ्याबरोबर असेन म्हणतो, चिन्हं देतो, तोंड कोणी निर्माण केलं विचारतो. आणि सगळी उत्तरं मिळाल्यावर मोशे शेवटी म्हणतो, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. म्हणजे आधीची चारही कारणं मिटली तरी याला जायचंच नव्हतं! देवाचा राग पेटतो तो इथं, आधी नाही. आणि रागात सुद्धा त्याचा भाऊ अहरोन सोबत देतोच, हे मला फार आवडतं.

तर आपल्या कागदावर पण खरी सबब बहुतेक तळाला असते. वरच्या ओळी वेळेच्या असतात, शिफ्ट, परीक्षा, पाणी भरायची वेळ, आणि खाली गेलं की दुसरंच निघतं. "मनापासून केलं तर ते पैसे परत करावे लागतील." "नवरा हसेल." "देवानं ऐकलंच नाही मागच्या वेळी, परत कशाला मागू." असं काहीतरी हाताला लागेपर्यंत लिहायचं. कागद कोणाला दाखवायचा नाही.

दुसरी पायरी: चाळणी

प्रत्येक ओळीला विचारा: हे संपणार कधी? तारीख लिहा. बारावीला तारीख आहे, मार्च एंडला आहे, तोडणीला पण अंदाज आहे. ज्याला तारीख आहे ती अडचण, तिच्याभोवती वेळापत्रक बसवता येतं. तारीखच लिहिता येत नसेल तर समजायचं की ते आता कायम वस्तीला आलंय. मग विचारा, हे उद्या सकाळी मिटलं तर मी लगेच सुरू करेन का? उत्तर देताना मन चुळबुळलं तर ती ओळ वरची आहे, खरी अजून खाली आहे.

आता काही गोष्टी सबबीत टाकायच्याच नाहीत. घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे, रात्रीतून तीनदा उठावं लागतं, अशा सुनेनं पहाटे पाचला उठून प्रार्थना केली नाही म्हणून कोणी तिला शिष्यत्व शिकवू नये, ती आधीच जगतेय ते. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, पोटात बाळ असेल, अंगावर पाजत असाल तर अन्नाचा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही. यात विश्वास कमी पडत नाही, उपास दुसऱ्या गोष्टीचा करता येतो.

आणि प्रश्न म्हणजे सबब नव्हे. लक्ष्मीबाई टिळक आपल्याच इथल्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, तेव्हा या त्यांच्यामागून लगेच गेल्या नाहीत. सोवळं होतं, माहेरची माणसं होती, सगळं आयुष्य उलटंपालटं झालेलं, त्यांना पुढं काही वर्षं लागली आणि त्या आल्या त्या स्वतःच्या पायानं आल्या. तुमच्या मनात खरा प्रश्न असेल, दुःखाबद्दल, एखाद्या मरणाबद्दल, तर तो कागदावर वेगळ्या कोपऱ्यात लिहा आणि पाळकसाहेबांना किंवा फादरांना भेटून विचारा. प्रश्न विचारणारा माणूस जवळ येत असतो.

तिसरी पायरी: खर्चाचा हिशेब

त्याच लूक १४ मधे, मेजवानीच्या गोष्टीनंतर लगेच, येशू बुरूज बांधणाऱ्याचं सांगतो, आधी बसून खर्च बघ, नाहीतर पाया घालून राहील आणि लोक हसतील. आपण दर लेंटला पाया घालतो. चहा बंद, मटण बंद, सिरीयल बंद, मोबाईल बंद, रोज पहाटे एक तास. दहा दिवसांत सगळं ढासळतं आणि मग आपणच म्हणतो माझ्याच्यानं होत नाही.

तीनच गोष्टी ठरवा. मत्तय ६ मधे येशू दान, प्रार्थना आणि उपास या तिघांबद्दल बोलतो, तेवढंच माप घ्या. एक सोडायची, एक धरायची, एक द्यायची.

सोडायची गोष्ट अशी हवी की जी सुटल्याचं दिवसातून एकदा तरी जाणवेल. वांगं सोडून उपयोग नाही जर तुम्ही वांगं खातच नसाल. कॅथलिकांना नियम ठरलेले आहेत, भस्म बुधवार आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) १८ ते ५९ वयाच्यांनी दिवसातून एकच पूर्ण जेवण आणि वयाच्या १४ पासून पुढं त्या दोन दिवशी आणि लेंटच्या शुक्रवारी मांस नाही. आमच्याकडं असा नियम नाही, ज्यानं त्यानं ठरवायचं, आणि ज्यानं त्यानं ठरवायचं असलं की काय होतं ते सगळ्यांना माहितीये. म्हणून ठरवलेलं लिहून ठेवा.

ऑफिसात उपास म्हटलं की हमखास काय होतं ते पण सांगते. शेजारच्या टेबलावरची ताई प्रेमानं डबा पुढं करते, "अगं साबुदाणा खिचडी आणलीय, घे की, उपासाचीच आहे." मग "तुमच्यात साबुदाणा चालतो का?" मग भगर, मग रताळं, मग "मीठ चालतं का?" असं पूर्ण जेवणाच्या सुट्टीत आपला उपासच चर्चेला. इथं प्रवचन द्यायचं नाही. "आमच्यात तसं पदार्थांचं नसतं, मी आज दुपारचं जेवण सोडलंय, संध्याकाळी जेवणार" एवढं हसून सांगायचं आणि तिच्यासोबत बसायचं. आणि खरं सांगू का, शेंगदाण्याचं कूट आणि तूप घातलेली वाटीभर खिचडी खाऊन कोणाला भूक लागल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

द्यायची गोष्ट सोडलेल्या गोष्टीला जोडा. बाहेरचा चहा-वडापाव सोडला तर ते पैसे रोज संध्याकाळी खरोखर काढून एका डब्यात टाका, नाहीतर महिन्याच्या शेवटी ते पेट्रोलमधे गेलेले असतात. यशया ५८ मधे देव उपासाबद्दल बोलतो तेव्हा भुकेल्याला भाकर आणि उघड्याला वस्त्र इथंच येऊन थांबतो. डब्यातले पैसे कोणाला जाणार ते आधीच ठरवा, म्हणजे एखाद्या मुलीची परीक्षा फी, सिव्हिलला ॲडमिट असलेल्या पेशंटच्या नातेवाईकांचं जेवण, काहीही, पण ठरलेलं. रविवार ४० मधे धरत नाहीत, त्यामुळं उपासनेनंतर मिसळ खायला गेलात तर काही बिघडत नाही.

चौथी पायरी: वेळ आणि जागा

धरायची गोष्ट म्हणजे वचन आणि प्रार्थना, आणि इथं माझा अगदी साधा हिशेब आहे. मार्कच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय आणि लूकचे २४, झाले ४०. भस्म बुधवारी मार्क १ काढायचा, रोज एक अध्याय, रविवारी नवीन काही नाही, आठवड्यात राहिलेलं भरून काढायचं. पवित्र शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, लूक २४ येतो, म्हणजे पुनरुत्थानाचा अध्याय आदल्या रात्रीच हातात. एक अध्याय वाचायला साधारण दहा मिनिटं, लूक १ आणि मार्क १४ मोठे आहेत त्याला जास्त.

"रोज वाचेन" असं ठरवू नका. कधी आणि कुठं बसून ते ठरवा. शिफ्टवाल्यांनी घड्याळाची वेळ धरली की पहिल्या आठवड्यातच गडबड होते कारण शिफ्ट बदलली की वेळ गेली, त्यांनी वेळ कामाला जोडायची: डबा भरून झाला की, किंवा कंपनीच्या बसमधे बसलो की गरवारे पॉईंट यायच्या आत. बागेत तोडणी चालू असेल तर क्रेट भरून गाडी लागेपर्यंत जो वेळ मिळतो तो. घरात असणाऱ्या बायकांना तर वेळ स्वतःहून कधीच मिळत नाही, तो काढून घ्यावा लागतो, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत अध्याय होतो, फक्त बायबल स्वयंपाकघरातच ठेवायचं, आतल्या खोलीत कपाटात नाही. बारावीवाल्या पोराला पण सोबत घ्या, दहा मिनिटांनी मार्क कमी होत नाहीत आणि आई देवाला परीक्षेनंतरची तारीख देतेय हे पोरं बघत असतात.

प्रार्थना येत नाही म्हणणाऱ्यांनी वाचलेल्या अध्यायातलं एक वाक्य घ्यायचं आणि त्यालाच उत्तर द्यायचं, मराठीत, आपल्या बोलीत. प्रार्थनेची वेगळी भाषा काढायची गरज नाही.

पाचवी पायरी: एका माणसाला सांगा, सगळ्यांना नको

व्हॉट्सॲपच्या स्टेटसला राख लावलेल्या कपाळाचा फोटो टाकायचा नाही. मत्तय ६ भस्म बुधवारी वाचतात आणि त्यात नेमकं हेच आहे, उपास करता तेव्हा तोंड धुवा, लोकांना दिसू देऊ नका. पण एका माणसाला सांगणं वेगळं, त्यात दिखावा नाही. मंडळीतला एखादा, शक्यतो नवरा-बायको सोडून, कारण घरात लगेच टोमण्याचं हत्यार होतं. त्याला तिन्ही गोष्टी सांगायच्या आणि रोज रात्री एकच शब्द पाठवायचा, "झालं" किंवा "राहिलं". त्यानं पण उपदेश करायचा नाही, त्याचं स्वतःचं पाठवायचं. बस.

शहाण्या माणसांचा सल्ला

ही पायरी नाही, पण इथं जास्त लोक गळतात म्हणून थांबते. आपल्याला आपली सबब सोडता येते, पण प्रेमाची माणसं नवीन आणून देतात. "अगं तब्येत सांभाळ, देव काय उपाशी राहा म्हणतो का?" "एवढं टोकाला जायची गरज नाही." "आमच्या वेळी नव्हतं असलं काही."

शरणपूर रोडवरनं आपण रोज जातो, पण तिथं काय होतं ते फार जणांना माहीत नसतं. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीनं शरणपूर वसवलं, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईहून तिथं आणून त्यांना शिकवलं, सुतारकाम-लोहारकाम शिकवलं. नासिक बॉईज म्हणायचे त्यांना. त्यातला एक जेकब वेनराईट. आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ च्या मे महिन्यात आफ्रिकेत आत खूप दूर वारले तेव्हा हा त्यांच्यासोबतच्या माणसांत होता. सुसी आणि चुमा हे त्या तुकडीचे पुढारी. यांनी ठरवलं की शव समुद्रापर्यंत न्यायचं. काळीज तिथंच झाडाखाली पुरलं, अंत्यविधीची प्रार्थना वेनराईटनं वाचली, आणि मग हजार मैलांच्या वर पायी, आजारपणं, वाटेत विरोध. अर्ध्या वाटेत कॅमरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला, लिव्हिंग्स्टनच्याच मदतीला निघालेला, तो म्हणाला इथंच पुरून टाका. चांगल्या मनानं दिलेला, अगदी पटण्यासारखा सल्ला होता तो. त्यांनी ऐकला नाही. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्यांत नाशकात शिकलेला जेकब वेनराईट होता.

कोणी कॅमरॉनसारखं बोललं तर भांडायचं नाही, रागवायचं नाही. "हो, बघते" म्हणायचं आणि आपलं चालू ठेवायचं.

सहावी पायरी: ती एक गोष्ट

कागदाच्या तळाला जे निघालं होतं ना, ते इथं काढायचं. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, कारण पहिल्याच दिवशी जमत नाही आणि पवित्र सप्ताहापर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यापर्यंत ढकललं तर राहून जातं. बहुतेक घरांत ही गोष्ट म्हणजे भावकी. वाटणी, गावचं घर, आईच्या आजारपणात कोणी किती खर्च केला. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जा, मत्तय ५:२३-२४. आपण फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला गर्दीतनं जातो, शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जातो, आणि सिडकोत राहणाऱ्या सख्ख्या भावाच्या घरी पाच वर्षं पाय ठेवलेला नसतो.

फोन कसा करायचा? छोटा. वाटणीचा विषय काढायचाच नाही, माझी पण बाजू होती असं म्हणायचं नाही. समजा धाकटा भाऊ करतोय:

"दादा, जय ख्रिस्त. मी बोलतोय."

"हं, बोल."

"काही काम नाही. आईच्या वेळी मी सगळ्यांसमोर तुला बोललो, ते तसं बोलायला नको होतं. तेवढंच सांगायचं होतं."

पलीकडं बराच वेळ शांत. मग, "जेवलास का?"

झालं, एवढंच. आपल्याकडं मोठा भाऊ तोंडानं माफ केलं असं म्हणत नाही, जेवलास का विचारतो, ते ओळखायचं आणि "हो जेवलो, तू?" म्हणायचं. आणि त्यानं फोन आपटला तर? तरी तुमचं काम झालं, परत महिन्याभरानं करायचा. जमीन-पैशाचा खरा वाद असेल तर तो फोनवर मिटत नाही, त्याला मधे माणूस लागेल, वकील पण लागेल, पण बोलणं चालू असताना तो वेगळा मिटतो. आणि एक, जिथं मारहाण किंवा छळ झालाय तिथं समेटासाठी एकटं जायचं नाही. तिथं आधी सुरक्षितता आणि विश्वासातलं माणूस.

पैसे परत करायचे असतील तर बायबलातल्या जक्कय जकातदारासारखं चौपट जमणार नाही, पहिला हप्ता तरी द्या आणि पुढची तारीख सांगा.

मधेच मोडलं तर

मोडतं. रंगपंचमीला कॉलनीत सगळे भिजलेले, नंतर गच्चीवर जेवण, आपण ठरवलेलं विसरतो किंवा विसरल्यासारखं करतो. दुसऱ्या दिवशी दुप्पट उपास करून भरपाई करायची नाही, ते देवाशी सौदा केल्यासारखं होतं आणि टिकत पण नाही. रात्री "राहिलं" असा मेसेज पाठवायचा, सकाळी त्या दिवसाचा अध्याय उघडायचा. लागोपाठ तीन-चार दिवस राहिलं तर तीन गोष्टींतली एक छोटी करा, पण रद्द करू नका. कॅथलिक असाल तर कन्फेशनला, म्हणजे फादरांकडं पापांची कबुली द्यायला जा, त्र्यंबक नाक्याच्या होली क्रॉसला किंवा तुमच्या पॅरिशला, लेंटमधे फादर त्यासाठी जास्त वेळ बसतात, ऑफिसमधे वेळ विचारून घ्या.

पवित्र सप्ताह

उत्तम शुक्रवारची सुट्टी सरकारी आहे पण खाजगी कंपनीत गृहीत धरू नका, रजेचा अर्ज निदान दोन आठवडे आधी टाका, एप्रिलच्या सुरुवातीला आला तर सगळ्यांनाच रजा हवी असते. दुपारी १२ ते ३ ची उपासना असते, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची, त्यात पूर्ण तीन तास बसा, मधेच बाहेर येऊन मोबाईल बघायचा नाही, दुचाकीच्या डिकीत ठेवून या. गुरुवारी संध्याकाळचं प्रभुभोजन चुकवू नका. घरात पाहुणे येणार असतील तर ईस्टरची खरेदी झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या आधीच उरका, नाहीतर शुक्रवारी वचन ऐकताना डोक्यात केकचं सामान फिरत राहतं.

ईस्टरनंतरचा सोमवार

सोडलेलं परत सुरू करा, त्यात काही पाप नाही, मटण आणा. डब्यातले पैसे त्याच आठवड्यात ज्यांना ठरवले होते त्यांना पोचवा, स्वतः जाऊन. धरलेल्या गोष्टींतली एकच पुढं न्या, पेन्टेकॉस्टपर्यंत, पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टर धरून ५० दिवस. मार्क आणि लूक झालेच, आता योहानाचे २१ आणि प्रेषितांची कृत्ये २८, एकूण ४९, सोमवारपासून रोज एक वाचला तर पेन्टेकॉस्टपर्यंत बरोबर पुरतात.

आणि पाळकसाहेबांकडं जाताना "काही काम असेल तर सांगा" असं म्हणू नका, ते "हो हो, सांगतो" म्हणतात आणि दोघंही विसरतात. "शनिवारी चार ते सहा मी मोकळी आहे, दोन आजारी घरांना भेट देऊ शकते, गाडी आहे माझ्याकडं" असं सांगा, आणि पहिल्या दोन घरांचे पत्ते तिथंच उभं राहून लिहून घ्या.